रफिकचा पॅच तपासताना

रफिक, तुझा पॅच कालपर्यंत माझ्याकडेच पडून होता आणि तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

सगळी कामं उरकून झाली. डबे घासले, गच्चीवरची टाकी धुऊन घेतली, विम्याचे कागद लावले, ज्यांना फोन करायचे राहिले होते त्यांना केले. तपासायला आलेले बाकी सगळ्यांचे पॅच तपासून परत पाठवले. एरवी लोकांना मला आठवण करून द्यावी लागते, या वेळी त्यांनाच धाप लागली. यादीत सगळ्यात वर तुझं नाव होतं. त्यावर काट मारता येईना, म्हणून मी खालून वर काटत आले. शेवटी तेवढंच उरलं. माझ्या याद्यांची तू किती टिंगल केलीस! "ही बाई मरताना बी यादी करून मरंल," असं तू माझ्या नवऱ्याला आमच्याच घरी, आमचंच वरण ओरपत सांगितलं होतंस. आणि गेलास तू. क्लासच्या दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत, चहा सांगून. चहा घेऊन माणूस आला तेव्हा तू खुर्चीतच होतास, एवढं मला कळलं. त्यापुढचं मी विचारलं नाही.

हे मी आपल्या कॉलेजच्या बॅचच्या अंकासाठी लिहिते आहे. बॅचमधले निम्मे आता बांधकाम खात्यात आहेत, आणि तुझ्या घरी नसीमाभाभीही वाचणार आहेत. म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही साध्या करून सांगते. मध्येच ‘हे काय मला शिकवून राहिली’ म्हणू नकोस.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या मुळाशी चालणारा प्रोग्रॅम. बाकीचे प्रोग्रॅम, पडदा, कीबोर्ड, तारेने जोडलेली यंत्रं, या सगळ्यांना वेळ आणि जागा वाटून देणारा. आपण ज्यावर काम करतो तो कर्नेल कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातून लोक त्यात बदल सुचवतात, त्या बदलाला पॅच म्हणतात. प्रत्येक भागाला एक राखणदार असतो, तो पॅच ओळ न् ओळ तपासतो आणि पटला तरच आत घेतो. जुन्या तारेच्या पोर्टवर चालणाऱ्या यंत्रांचा एक छोटा भाग माझ्याकडे आहे. मी तो लातूरच्या घरात बसून सांभाळते, तेच माझं पोट भरायचं काम. तुझं पोट भरायचं काम नांदेडला, क्लासमध्ये फिजिक्स शिकवण्याचं. उरलेल्या वेळात तू हौसेने कर्नेलमधल्या चुका शोधायचास. "लोकं कबुतरं पाळतात, आपण बग पाळतो," असं तू पाहुण्यांना सांगायचास, आणि भाभी कपाळाला हात लावायच्या.

हा शेवटचा बग तुला डाळमिलमध्ये सापडला. लातूरच्या एका मिलवाल्या शेठचा मुलगा तुझ्या हाताखाली शिकलेला. तेवढ्या ओळखीवर शेठने तुला नांदेडला फोन लावला. तो संवाद तू मला दोघांचे आवाज काढून इतक्या वेळा ऐकवला आहेस की मी तिथे नव्हते यावर माझाच विश्वास बसत नाही.

"सर, आमचा काटा झोपायलाय बगा."

"वजनकाटा कसा झोपंल शेठ?"

"ट्रक चढला की कंप्युटरवर आकडा येतो. दिवसभर येतो. मधीच कवातरी येत न्हाई. मग कंप्युटर बंद करून चालू केला की पुना येतो. मागं ट्रकची रांग लागायलीय, डायव्हर शिव्या द्यायलेत."

"काटेवाल्याला बोलवा की."

"बोलावलं. तो म्हनतोय काटा चांगलाय. कंप्युटरवाला म्हनतोय कंप्युटर चांगलाय. म्हंजी आमीच वाईट का सर?"

तू रविवारी एसटीने आलास, अख्खा दिवस तुरीच्या धुरळ्यात काट्याच्या केबिनमध्ये बसलास आणि तिथून थेट आमच्या घरी. भुवयांपर्यंत पिवळा झालेला. दारातूनच म्हणालास, "मंजू, दोघं बी खरंच चांगले हायत. मधला झोपून राहिला." मधला म्हणजे कर्नेल. म्हणजे माझा भाग.

बसून तू ते मला सांगितलंस. वजनाचा प्रोग्रॅम काट्याला विचारतो, किती? काटा एकदाच उत्तर देतो आणि गप्प बसतो. उत्तर आधी कर्नेलच्या कोठीत येऊन पडतं. प्रोग्रॅम कोठीत डोकावतो, उत्तर नसेल तर ‘आलं की उठव’ म्हणून नाव नोंदवून झोपतो. उत्तर कोठीत टाकणारा कोड दर वेळी कुणाला उठवत बसत नाही. कुणी वाट बघतंय का एवढं तो आधी पाहतो, नसेल तर पुढच्या कामाला लागतो. दोघंही शहाणे. पण दोघं एकाच क्षणी चाललेले असतात. हा डोकावतो तेव्हा उत्तर नसतं, तो पाहतो तेव्हा वाट बघणारा नसतो. मग उत्तर कोठीत, प्रोग्रॅम झोपेत, काटा गप्प, आणि बाहेर ट्रकची रांग.

माझ्या चेहऱ्यावरून तुला कळलं की डोक्यात शिरलं पण मनात उतरलं नाही. तू म्हणालास, "टँकरवाली मावशी आठवते का?"

आठवते तर. भूकंपानंतरचे ते दिवस. आपण कॉलेजात होतो, नांदेडहून ट्रकच्या हौद्यात बसून पत्र्याच्या शेडच्या वस्तीवर गेलो होतो. माझं स्वतःचं घर लातुरात उभं होतं, आणि उभं राहिल्याचीच लाज वाटावी असे ते दिवस होते. मला कपडे-भांडी वाटायच्या याद्या करायला बसवलं, तुला पाण्याच्या टँकरवर. वस्तीवरची रीत अशी पडली होती की रांगेत माणसं उभी राहायची नाहीत, घागरी उभ्या राहायच्या. टँकर यायचा, घागर दिसली की थांबून भोंगा वाजवायचा. एकही घागर नसली तर तसाच पुढच्या वस्तीला. एका दुपारी एक मावशी पदर खोचून तुझ्यावर चालून आली.

"टँकर कवा आला अन कवा गेला रं?"

"आत्ताच आलतो मावशी. एक बी घागर नव्हती."

"मी बगून गेले तवा तुजा टँकर नव्हता. म्हनून घागर आनाया गेले."

"अन मी बगितलं तवा तुमची घागर नव्हती."

"मंग आता पानी काय तुज्या डोळ्यातनं काढू?"

तू टँकर मागे फिरवायला लावलास. ड्रायव्हर तुझ्यावर चिडला, मावशी तरीही बडबडत राहिली, आणि मी यादी घेऊन बाजूला उभी राहून हसले म्हणून तू दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस.

इतक्या वर्षांनी माझ्या हॉलमध्ये बसून तू म्हणालास, "दोघं बी खरं बोलत होतो बघ. म्हणून तर भांडण मिटत नव्हतं." तिने आधी घागर ठेवायची आणि मग टँकर आला का बघायचं. टँकरने आधी थांबायचं आणि मग घागरी बघायच्या. दोघांनी हे पाळलं तर चुकामूक होऊच शकत नाही. कोडमध्ये तेच, फक्त एक अडचण जास्त. आजचे प्रोसेसर घाईचे. ‘घागर ठेव, मग बघ’ असं लिहून दिलं तरी घागर हातातून सुटायच्या आत ते बघून मोकळे होतात. म्हणून मध्ये एक ओळ घालावी लागते, तिला बॅरिअर म्हणतात. घागर जमिनीला टेकल्याशिवाय मान वळवायची नाही, एवढाच तिचा हुकूम.

तुझा पॅच म्हणजे ती एक ओळ. टँकरच्या बाजूला. आणि वर तुझं निवेदन, दोन वाक्यांचं, कारण तुला लिहायचा कंटाळा. पहिलं वाक्य बग सांगणारं. दुसरं: ‘यानंतर वाचणारा झोपून राहणार नाही.’ वाचणारा म्हणजे कोठीतून उत्तर घेणारा प्रोग्रॅम.

मी तो मंजूर केला नाही. तीन हरकती लिहून परत पाठवला. तासाभरात तुझा फोन.

"तू पॅच तपासून राहिली का पोरांचे पेपर?"

"पेपर असता तर शून्य दिलं असतं. मावशीची बाजू कुठंय?"

"मावशी बरोबरच करती. आधी नाव नोंदवती, मग बघती. कोड उघडून बघ की जरा."

"मी बघणार नाही. तू लिही. कुठली मावशी, कुठल्या फाइलमध्ये, काय करते. एका बाजूचा बॅरिअर मी घेत नसते."

"अगं, एका ओळीच्या पॅचला पानभर निबंध?"

"मग दुसरा उपाय घे. बघायचंच कशाला? दर वेळी भोंगा वाजव. कुणी असो नसो. चुकामूक होणारच नाही."

"हाव का! प्रत्येक अक्षराला भोंगा! पोर्टवर धडाधडा अक्षरं येणारी यंत्रं बी हायत बाई जगात, सगळी डाळमिल नसती. सगळ्यांची गती मारशील."

"मोजून दाखव."

"दाखवतो. लावतो टेस्ट. मग लिहून पाठवतो. पण लिहून पाठवल्यावर माफी मागायची."

"चूक निघाली तर तू मागायची."

"निघणारच न्हाई."

असं भांडून आपण फोन ठेवला, नेहमीसारखा, कुणी ठेवला ते न कळता. लिहून आलंच नाही.

माणूस गेला की लोक म्हणतात शेवटचं बोलणं गोड व्हायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. आपलं सगळं आयुष्य असंच बोलण्यात गेलं. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघायला लागले त्या वर्षांत आपण दोघं एकाच क्लासमध्ये शिकवत होतो, तू फिजिक्स, मी गणित. बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरायची, आणि त्यांचे आईबाप दारात थांबून विचारायचे, होईल ना हो डॉक्टर? मी म्हणायचे, प्रयत्न करू. तू म्हणायचास, "आत्ताच सांगता येत न्हाई. बेडकाला बघून पळतोय का ते आधी बघा." एका बापाने मुलाचे दोन मार्क वाढवा म्हणून तुझ्यासमोर अर्धापूरच्या केळ्यांची फणी ठेवली होती. तू केळी पोरांना वाटलीस आणि मार्क तेवढेच ठेवलेस. बाप म्हणाला, सर, केळी तरी परत द्यायची. तू म्हणालास, केळी बरोबर होती, उत्तर चूक होतं.

तू नांदेडला परत गेलास. मला मुलगी झाली, मी काम सोडलं आणि घरात याद्या करत बसले. किराणा, लसी, दूध. वर्षामागून वर्ष गेलं. मग एक दिवस तुझी मेल आली. कुणाचा तरी पॅच, आणि खाली एवढंच: ‘ह्यात चूक हाय. शोध.’ कशी आहेस नाही, मुलगी कशी आहे नाही. मी मुलीला झोपवलं आणि शोधत बसले. सापडली. तुला कळवली. तू दुसरा पाठवलास. आज माझ्याकडे जे काम आहे, जी खुर्ची आहे, जिथे बसून मी तुझे पॅच परत पाठवते, ती त्या मेलमधून आली. हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चेष्टा केली असतीस. तरी सांगायला हवं होतं, चेष्टेसकट.

तू गेल्याचं कळलं तसं मेलिंग लिस्टवर, म्हणजे कर्नेलवर काम करणाऱ्या सगळ्यांना एकदम मेल जाते तिथे, लोकांनी लिहिलं. ज्यांना नांदेड नकाशावर दाखवता येणार नाही अशा लोकांनी. तुझ्या कुठल्या पॅचमुळे कुणाचं काय वाचलं ते लिहिलं. भाभींना मी ते फोनवर मराठी करून वाचून दाखवलं. मग कुणीतरी सुचवलं, त्याचा शेवटचा पॅच आहे तसा आत घ्यावा, त्याची आठवण म्हणून. खाली एकेकाचं ‘हो’, ‘हो’, ‘जरूर’. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण राखणदार मी.

प्रश्न एवढाच होता आणि तोच मला बसू देत नव्हता: तुझ्या हातचा हा शेवटचा बदल खरा आहे का, आणि नसेल तर मी त्यावर तुझं नाव कसं राहू देऊ? आठवण म्हणून फुलं वाहतात. हा कोड होता. कुठल्यातरी दवाखान्यातल्या, कुठल्यातरी कारखान्यातल्या मशीनमध्ये जाऊन बसणार होता, आणि तिथे अडकला असता तर त्या ओळीवर रफिक हे नाव निघालं असतं. मी लिस्टवर लिहिलं, ‘रिव्ह्यू चालू आहे.’ एकाने मला स्वतंत्र मेल लिहून विचारलं, आता तरी? मी कोड वाचत होते आणि वाचता येत नव्हता. ओळ दिसायची आणि तुझा आवाज यायचा, ‘मावशी बरोबरच करती.’ मग उठून काहीतरी पुसायचे.

तू टेस्ट लावतो म्हणाला होतास. लावली होतीस का, ते नांदेडला गेल्याशिवाय कळणार नव्हतं. मी एसटी पकडली.

भाभींची इद्दत चालू आहे. तू गेल्यावर चार महिने आणि वर दहा दिवस त्यांनी घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषाने आत यायचं नाही. तुझ्या क्लासमधले सर लोक बाहेरच्या खोलीतूनच भेटून गेले. त्यांच्यातल्या एकाने आतलं मशीन बंद करून देतो म्हणून निरोप पाठवला होता, भाभींनी राहू द्या म्हणून कळवलं. मला मात्र त्यांनी हाताला धरून आत नेलं. पांढरा दुपट्टा, हातात काही नाही. बोलताना आवाज स्थिर.

"वो मशीन चालूच है मंजूबाई. बंद करनेकू जीवच नई हुआ. पंखे का आवाज आता तो लगता, अंदर बैठे हैं."

तुझ्या खोलीत तसंच सगळं. शेठने दिलेला काट्याचा जुना कंप्युटर, त्याला तारेने जोडलेलं तू बनवलेलं खोटं काट्याचं खोकं. विचारलं की एक आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम. पडदा काळा होता. मी एक कळ दाबली. टेस्ट होती. तू त्या सकाळी क्लासला जायच्या आधी लावलेली, तुझ्या पॅचसकट. विचारण्याच्या दर फेरीला एक, असे ठिपके पडद्यावर ओळीने आले होते आणि एका ठिपक्यापाशी थांबले होते.

मी खुर्चीत बसले नाही. ती तुझी होती. उभ्यानेच दुसरी खिडकी उघडून बघितलं. उत्तर कोठीत आलेलं. वाचणारा झोपलेला. खोकं गप्प.

थांबल्याची वेळ मशीनने नोंदवून ठेवली होती. रफिक, तेव्हा तू क्लासमध्ये फळ्यापाशी उभा होतास, पोरांवर ओरडत असशील. तू जिवंत असतानाच तुझा पॅच हरला होता, आणि ते बघायला तू घरी आलाच नाहीस. आला असतास तर आधी त्या खोक्याला शिवी दिली असतीस. मग मला फोन केला असतास, आणि ‘हॅलो’ न म्हणता म्हणाला असतास, ‘जिंकली बाई तू.’ मी किती वर्षं त्या वाक्याची वाट बघितली असेल. तिथे उभी राहून मला ते नको होतं. माझीच चूक निघू दे, मी काहीतरी उलटं वाचलं असू दे, असं म्हणत मी पुन्हा पुन्हा तपासलं. उलटं नव्हतं.

वाचणारा प्रोग्रॅम दोन ठिकाणी झोपतो. एका ठिकाणी तू म्हणालास तसंच, आधी नाव नोंदवतो, मग बघतो. दुसऱ्या ठिकाणी, जिथे ठराविक वेळच थांबायचं ठरवून तो झोपू शकतो, तिथे कुणीतरी फार पूर्वी उलटं लिहून ठेवलं होतं. आधी बघायचं, मग नाव नोंदवायचं. आणि वेळेची मर्यादा दिलीच नाही तर तो कायमचा झोपतो. दुसरी मावशी होती, रफिक. तू पहिलीलाच भेटलास.

भाभी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गलत निकला क्या?"

"अर्धं बरोबर आहे भाभी. जी ओळ घातली ती हवीच. पण तेवढ्याने भागत नाही."

"और वहाँ सब लोग क्या बोल रहे?"

"आहे तसं घ्या म्हणतात. आठवण म्हणून."

त्या चक्क हसल्या, तू गेल्यानंतर पहिल्यांदाच असाव्यात. "इनों सगे भांजे कू नापास किए थे मंजूबाई. घर में दावत थी उस दिन. आपा, उसकी अम्मी, आज तलक मेरेसे बात नई करते." आणि कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "नक्को. फुकट के मार्कां नक्को देव उनकू. कबर में तडफडेंगे."

मी तिथेच राहिले. भाभींनी जाऊ दिलंच नाही. दुसऱ्या मावशीची बाजू मी लिहिली, माझ्या नावाने, वेगळा पॅच म्हणून, तुझ्या पॅचच्या मागे लागणारा. दोन्ही घालून टेस्ट लावली. दिवसा भाभींबरोबर मेथी निवडायची, अधूनमधून आत जाऊन ठिपके बघायचे. पंखा चालू होता म्हणून त्यांनाही बरं वाटत होतं. ठिपके थांबले नाहीत. मग तुझं मोजमापाचं आव्हानही पुरं केलं. माझा ‘दर वेळी भोंगा’ घालून तुझ्याच मशीनवर गती मोजली. तू बरोबर होतास. गती मरते. डाळमिलला चाललं असतं, बाकीच्यांना नाही. हे मी रिव्ह्यूमध्ये स्वच्छ लिहिलं आहे, माझी सूचना मागे घेतली आहे. माफी तेवढी तिथे लिहिता येत नाही, ती इथे मागते.

मग राहिलं तुझं दुसरं वाक्य. ‘यानंतर वाचणारा झोपून राहणार नाही.’ त्याखाली तुझी सही. तुझं कर्नेलसाठी लिहिलेलं शेवटचं वाक्य, आणि ते खोटं. ओळ खरी, वाक्य खोटं. ते तसंच ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. माझा पॅच मागोमाग येतोच आहे, काम भागलं असतं. मी दोनदा तसंच ठेवून पाठवायला गेले. आणि दोन्ही वेळा मला तो केळीवाला बाप आठवला. वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं की हा बदल एका बाजूची चुकामूक थांबवतो, वाचणाऱ्याची बाजू पुढच्या पॅचमध्ये आहे. खाली, रीतीप्रमाणे, हे शब्द राखणदाराने बदलले आहेत अशी माझ्या नावाची नोंद. तुझी सही जिथे होती तिथेच ठेवली. तिच्याखाली माझी.

आपल्याकडचा नियम तुला माहीत आहे. दुसऱ्याच्या सहीवरचा मजकूर बदलला तर तो त्याला परत पाठवायचा आणि आठवडाभर थांबायचं. लेखकाची हरकत आली तर भांडण, नाही आली तर संमती धरायची. या नियमाला अपवाद लिहिलेला नाही, म्हणून मी तुझ्या पत्त्यावरही पाठवला. लातूरला परत आले आणि थांबले. तुझ्या पॅचमधला एक स्वल्पविराम हलवला तरी तू दुपारच्या आत फोन करायचास. एका शब्दावरून आपण अख्खा उन्हाळा भांडलो होतो. आता मी तुझं अख्खं वाक्य खोडलं होतं. मी फोन घेऊन घरभर फिरत होते, मुलगी म्हणाली, आई, बस ना. लिस्टवर लोकांनी लिहिलं, छान, असंच व्हायला हवं होतं. शेठच्या कंप्युटरवर दोन्ही पॅच मी आधीच घालून दिले होते; त्यांना विचारलं, काटा कसाय? म्हणाले, जागायलाय बगा, सरांना सांगा. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी फोन ठेवला.

आठवडा संपला. काल मी दोन्ही पॅच आत घेतले, पहिला तुझा, दुसरा माझा. तुझं वाक्य मी खोडलं, रफिक, आणि कुणीही हरकत घेतली नाही. मला हरकत हवी होती.